कॅशबॅकचे वाटे

मार्गशीर्षातला पहिला रविवार, सकाळी दहाचा सुमार. पोशेऱ्याच्या बाजूचा एक पाडा, तिथल्या मोठ्या बाबांचं अंगण.

हजर: आमच्या दवाखान्यातली सिस्टर. तिची आई. तिची पाच वर्षांची मुलगी. पाड्यातले सगळ्यात वयस्क, ज्यांना लहानथोर सगळे मोठा बाबा म्हणतात ते. कामासाठी अजून बाहेर न गेलेल्या प्रत्येक घरातली सगळी माणसं, तान्ह्या बाळापासून काठी टेकणाऱ्यांपर्यंत. त्यांत सातव्या महिन्यातली एक सून. आणि मी.

सवयीप्रमाणे मी डोकी मोजली. सुनेला एक धरलं. अंगणाच्या कडेला सिस्टरची निळी स्कूटर उभी होती, ती अर्थातच धरली नाही. या दोन्ही चुका होत्या. एरवी माझी मोजणी चुकत नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

मी जव्हारच्या एका दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळते. गोळ्या, सलाइनच्या बाटल्या, हातमोजे, कोणती पेटी आधी संपवायची, कोणती मागे ठेवायची, हे सगळं माझ्याकडे. घरीही तसंच. गॅस कधी लावला, टायर कधी बदलले, कोणत्या दुकानात तांदूळ स्वस्त, सगळं नोंदलेलं असतं. त्यामुळे दवाखान्यात कोणाला मिक्सर घ्यायचा असो की विमा, माणूस भांडाराच्या दाराशी येतो आणि म्हणतो, "ताई, पाच मिनिटं आहेत का?" पाच मिनिटं कधीच पुरत नाहीत.

क्रेडिट कार्डांचं खूळ मागच्या दोनेक वर्षांतलं. मी स्वतः तीन महिने छाननी करून एक निवडलं, मग वॉर्डबॉयला निवडून दिलं, मग लॅबवाल्याला, मग डॉक्टरांनाही. माझी पद्धत साधी आहे. जाहिरात बाजूला ठेवायची. आधी आपला खर्च कुठे जातो ते तीन महिन्यांचं बघायचं. किराणा, पेट्रोल, ऑनलाइन, वीज आणि मोबाइल, बाकी. मग बघायचं की कार्ड यातल्या कशावर पैसे परत देतं, महिन्याला जास्तीत जास्त किती देतं, आणि कशावर अजिबात देत नाही. ती शेवटची यादी बारीक अक्षरांत असते, तीच आधी वाचायची. वार्षिक फी आणि परत येणारे पैसे शेजारी शेजारी मांडायचे. विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट बसायला मिळतं म्हणून कोणी कार्ड घेत असेल तर त्याला विचारायचं, बाबा रे, जव्हारहून तू विमानतळावर कधी जाणार? आणि शेवटची अट माझी स्वतःची: पूर्ण बिल भरण्याइतके पैसे आधी हातात असतील तरच बटण दाबायचं. 'किमान रक्कम' या शब्दांकडे बघायचंही नाही.

सिस्टर भाद्रपदात आली. ती नुकतीच कायम झाली होती, त्यामुळे तिला कार्डासाठी फोन येऊ लागले होते.

"ताई, मला पेट्रोलवालं कार्ड सांगा."

"पेट्रोलवालंच का?"

"स्कूटर घेतली ना. रोज घरी जायचंय."

तिची गोष्ट मला ठाऊक होती. नवरा भिवंडीकडे गोदामात, होळीला आणि दिवाळीला येणार. जव्हारच्या भाड्याच्या खोलीत मुलीला सांभाळायला कोणी नाही, म्हणून मुलगी पाड्यावर आजीजवळ. सिस्टर शनिवारी संध्याकाळी जायची आणि सोमवारी उजाडायच्या आत निघायची. बाकीच्या दिवशी शेवटची एसटी ड्यूटी संपायच्या आधीच सुटते. स्कूटर आली तेव्हा तिला वाटलं, आता रोज संध्याकाळी जाता येईल. पण रोजचं मोखाडा, पुढचा चढ, आणि सकाळी परत, एवढं पेट्रोल पगारात बसत नव्हतं. हप्ता होता, खोलीचं भाडं होतं. तिने एक आठवडा करून बघितलं आणि दुसऱ्या आठवड्यात बंद केलं. मुलीने तेव्हापासून एकच प्रश्न धरला होता. फोनवर आईचा आवाज आला की 'जेवलीस का' वगैरे काही नाही, थेट "आज हायेस?"

म्हणून पेट्रोलवालं कार्ड. मी हिशेब केला आणि तिला स्पष्ट सांगितलं, "पेट्रोलच्या कार्डावर तुला महिन्याला एका फेरीचंही सुटणार नाही. फी जाईल ती वेगळी."

तिचा चेहरा पडला. माझं लक्ष मात्र तिच्या मागच्या मांडणीवर होतं.

ती मांडणी सांगायला हवी. आमच्याकडे कुरिअर जव्हारच्या पुढे सहसा जात नाही, त्यामुळे सिस्टरची पार्सलं दवाखान्याच्या पत्त्यावर यायची आणि भांडारात पडायची. सबंध पावसाळा मी ती पार्सलं सलाइनच्या पेट्यांवरून उचलून बाजूला ठेवत होते. आषाढात गमबूट आले, लहान, मधले, मोठे. ताडपत्र्या आल्या. बॅटऱ्या, शाळेची दप्तरं, पाण्याची पिंपं, एक भलामोठा कुकर. एकदा मी वैतागून म्हणाले होते, "सिस्टर, तुमच्या घरात पाय तरी किती आहेत?"

"घरचंच आहे ना ताई सगळं," ती म्हणाली होती.

आता मी तिला खाली बसवलं आणि नीट विचारलं. तेव्हा कळलं की ती 'घर' म्हणते तेव्हा पाडा म्हणते. कोणाला काही हवं असलं की ते तिला सांगतात, पैसे आधी हातात देतात, ती जव्हारला येऊन मागवते आणि शनिवारी घेऊन जाते. त्यात तिला एक पैसा सुटत नाही. सुटावा असं तिच्या डोक्यातही आलेलं नव्हतं.

माझ्या डोक्यात मात्र लखलखाट झाला. इतक्या जणांची कार्डं निवडली, पण अशी केस पहिलीच. खर्चाची सवय एका बाईची नव्हती, अख्ख्या पाड्याची होती, आणि पैसे आधीच हातात येत होते. म्हणजे माझी शेवटची अट तर पाड्याने माझ्या आधीच पाळलेली. मी तिला ऑनलाइन खरेदीवर सगळ्यात जास्त परत देणारं, पुरेशी वरची मर्यादा असलेलं कार्ड निवडून दिलं.

"पेट्रोलवर हे काही देणार नाही," मी म्हटलं. "पण सगळ्यांची खरेदी यावरून कर. जे परत येईल ते पेट्रोलात घाल. तू रोज घरी जाशील."

"रोज?"

"रोज."

हे मी ठामपणे म्हणाले होते. पुढे जे झालं त्यात हा 'रोज' मला फार टोचला.

कार्ड आलं. खळ्यासाठी ताडपत्र्या झाल्या, मग दिवाळीची खरेदी: साड्या, पोरांचे कपडे, ब्लँकेटं, दोन मोबाइल. माझं भांडार गोदाम झालं. सिस्टर हसून म्हणायची, "काय माहीत ताई, यातलं एखादं खोकं आमच्या ह्यांच्याच हातातून आलं असेल." दिवाळीनंतर स्टेटमेंट आलं. कॅशबॅक बिलातून वजा झाला होता, त्यामुळे पाड्याने दिलेल्या रोख पैशांतले काही तिच्याकडे शिल्लक राहिले. रक्कम मोठी नव्हती, पण माझ्या अंदाजाने महिनाभराच्या पेट्रोलला पुरली असती. मी मनात त्या ओळीवर टिक केली.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "ताई, रविवारी आमच्याकडे चला. त्या पैशांचे वाटे घालायचेत."

"कसले वाटे?"

"उरलेल्या पैशांचे."

मला वाटलं गंमत करते आहे. गंमत नव्हती. तिने पाड्यावर सांगितलं होतं की बँकेनं काही पैसे परत दिले, आणि मोठ्या बाबांनी रविवार ठरवला होता. मी तिच्यावर चिडले. "अगं, नियमाने ते पैसे तुझे आहेत! कार्ड तुझं, जबाबदारी तुझी!" ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "चला तर खरं."

म्हणून त्या रविवारी, तिची शनिवारची रात्रपाळी संपल्यावर, मी तिच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. मनात मुद्दे तयार होते. मोखाडा मागे पडलं, चढ सुरू झाला, दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरं कोरडी पडलेली, आणि मी तिच्या पाठीमागे बसून मोठ्या बाबांना काय काय सांगायचं त्याचा क्रम लावत होते.

पाड्यावर पोचलो तर मुलगी धावत आली आणि आईच्या कमरेला चिकटली. "आज हायेस?"

"आज हाय."

"उद्या?"

सिस्टरने तिचे केस नीट केले. तिच्या आईने मला नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी वाढली, आणि मग सगळे मोठ्या बाबांच्या अंगणात जमलो.

मोठे बाबा वाळत घातलेल्या उडदांशेजारी बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिथे साहेब असो की बाई, सगळ्यांना 'तू'च म्हणतात.

"तूच का ती, कारड देणारी?"

"देणारी बँक. मी निवडून दिलं."

"मंग सांग. ह्ये पैसं कशाचं?"

मी समजावलं. दुकानं बँकेला पैसे देतात, बँक त्यातले थोडे गिऱ्हाइकाला देते, गिऱ्हाइकाने कार्ड वापरत राहावं म्हणून. माझ्या मते मी फार सोपं सांगितलं.

"म्हंजी खर्च केला म्हणून पैसं?" मागून एक जण ओरडला. "अरं, मंग माझ्या बायकोला कवाच बक्षीस भेटायला पायजे व्हतं!"

"आन् तुला दंड!" त्याची बायको म्हणाली, आणि सगळं अंगण हसलं.

मोठे बाबाही हसले, पण त्यांचा प्रश्न संपला नव्हता. "ह्ये कोनी पेरलं?"

"पेरलं नाही कोणी."

"कोनी राबलं?"

"तसं म्हटलं तर कोणीच नाही."

"मंग ते रानातलं," ते म्हणाले, जणू फाइल बंद केली.

सिस्टरच्या आईने मला हळू आवाजात सांगितलं. पहिल्या पावसात ओहोळाला मासे चढतात, ते सगळे मिळून धरतात. रानात मध लागतो, कधी कंद. पेरलं ते ज्याचं त्याचं, त्यात कोणी वाटा मागत नाही. पण जे पेरलेलं नाही, ते घावलं कोणाच्याही हाताला, ते त्या वेळी हजर असलेल्या सगळ्यांचं. ते घरात दडवायचं नाही आणि शिळं करायचं नाही.

मी माझा मुद्दा काढला. काढायलाच हवा होता. उभी राहून म्हणाले, "पण हे पैसे तिच्या पेट्रोलला ठरले होते. ती रोज घरी यावी म्हणून. या पोरीसाठी."

सिस्टर खाली बघत होती. पदरातली पुरचुंडी उघडून सगळे पैसे तिने स्वतःच चटईवर ठेवले होते. सगळे दहाच्या नाण्यांत आणि नोटांत, मोखाड्यातून आधीच मोडून आणलेले. म्हणजे तिने हे कधीच ठरवलं होतं, आणि मी उगाच तिच्या वतीने भांडत होते.

मोठे बाबा म्हणाले, "बाय, तू बस. आधी वाटं तर घालू."

मग जे झालं ते मी आयुष्यात प्रथमच बघितलं, आणि मी बराच वेळ तोंड उघडं ठेवून बघत होते, हे मला नंतर मुलीने सांगितलं. दोन बायकांनी पळसाची पानं मांडली, ओळीने. दोघी जणी पैसे टाकत गेल्या, एक नाणं या पानावर, एक त्या पानावर, उलट, सुलट, पुन्हा. कोणी मोजून दाखवा म्हटलं नाही. मी मनात पानं मोजली. माझ्या डोक्यांच्या मोजणीपेक्षा दोन पानं जास्त होती. मला वाटलं, चुकल्या.

वाटे पडले तसे मोठे बाबा वळले आणि सगळ्यांकडे पाठ करून बसले. तोंड डोंगराकडे. एका बाईने एका पानाला बोट लावलं. "ह्यो कोनाचा?"

पाठमोरे मोठे बाबा म्हणाले, "वरच्या घरातल्या म्हातारीचा."

म्हातारीने उचललं.

"ह्यो कोनाचा?"

"तान्ह्याचा."

कोणतं पान मोठं दिसतं, कोणतं लहान, त्यांना दिसत नव्हतं. आणि ज्याचं नाव येई तो जे समोर असेल ते उचलत होता. एकही जण दुसऱ्याच्या पानाकडे बघत नव्हता. मी भांडारात काम करते. वाटपाच्या वेळी माणसांचे डोळे कुठे जातात ते मला माहीत आहे. इथे ते कुठेच जात नव्हते.

"ह्यो कोनाचा?"

"सातव्या महिन्याच्या सुनंचा."

"आन् ह्यो?"

"तिच्या पोटातल्याचा."

सुनेने दोन पानं उचलली. कोणी हसलं नाही, कोणाला नवल वाटलं नाही. एक पान कुठून जास्त आलं ते कळलं होतं. जे माणूस अजून आलेलं नव्हतं, ते त्या अंगणात हजर होतं. माझ्या हजेरीत नव्हतं.

"ह्यो कोनाचा?"

"जव्हारच्या बायचा."

मला कळलंच नाही. सिस्टरची आई म्हणाली, "उचल गो, तुझा हाय." मी पान हातात घेतलं आणि लगेच सिस्टरपुढे धरलं. "हे तिच्या पेट्रोलला."

एकदम चार आवाज आले. "नाय! नाय! वाटा परत द्यायचा नसतो!"

"तू हजर व्हतीस," मोठे बाबा डोंगराकडेच बघत म्हणाले. "आता घरी न्ये आन् खा. घरच्यांना दे."

सिस्टरचा झाला, तिच्या आईचा झाला, मुलीचा झाला. चटईवर एक पान उरलं.

"आन् ह्यो कोनाचा?"

"गाडीचा."

आता मात्र पोरं खिदळली. "गाडी खाते काय?"

"पेट्रोल खाते," कोणीतरी म्हणालं.

मोठे बाबा आमच्याकडे वळले. "शिकारीला जायचो तव्हा कुत्र्याला वाटा असायचा. का? तो धावायचा. जाळं ज्याचं त्याला जाळ्याचा वाटा. सगळं वझं ही गाडी आनते. धावते ती. मंग तिला नको?"

सिस्टर उठली आणि तिने ते पान उचललं. ती रडत नव्हती, पण डोळ्याला पदर लावला. मुलगी स्कूटरजवळ गेली आणि आपल्या वाट्यातलं एक नाणं तिच्या सीटवर ठेवू लागली, तेव्हा सगळ्यांनी तिला ओरडून थांबवलं. तिचा वाटा तिनेच खायचा.

मी हिशेब केल्याशिवाय राहू शकत नाही. गाडीचा वाटा, त्यात सिस्टरने स्वतःचा घातला तरी, माझ्या योजनेच्या जवळपासही जात नव्हता. आठवड्यातून आणखी एक संध्याकाळ, फार तर. मी जे 'रोज' म्हणाले होते ते त्या अंगणात वाटलं गेलं होतं.

त्या दिवशी सिस्टर मुलीजवळ राहणार होती. मला पोशेऱ्याच्या फाट्यावर एसटीत बसवायला ती आली. उतारावर मी अखेर विचारलंच, "सगळं ठेवलं असतंस तर कोणाला कळलंही नसतं. वाईट नाही वाटत?"

तिने स्कूटर हळू केली. "ताई, मी इथे नसते तेव्हा ती कोणाच्या घरी जेवते, कोणाच्या गोधडीत झोपते, मला विचारावं लागत नाही. आईचे गुडघे दुखत असले तर वरच्या घरातली घेऊन जाते. ताप आला तर कोणीतरी उचलून निघालेलं असतं, मला फोन येतो तो निघाल्यावरच येतो. ते मी कुठल्या कार्डावर घेऊ?"

समोर डोंगर एकामागे एक निळे होत गेले होते आणि त्यांच्या कुशीत किती पाडे असतील, कोणकोण कोणाच्या पोरांना जेवू घालत असेल, याचा मला प्रथमच विचार आला. इतकी वर्षं मी या रस्त्याने औषधांच्या पेट्या पाठवते. मला वाटायचं पलीकडे फक्त गरज आहे.

गाडी येताना दिसली तशी ती म्हणाली, "पण एक संध्याकाळ वाढली हो. बुधवारी जाईन. तिला सांगितलं मी, बुधवारी हाय."

माझ्या वाट्याचे पैसे मी जव्हारच्या बाजारात मोडले. चिक्की घेतली, घरी दिली, दवाखान्याच्या रखवालदाराला दिली, शेजारच्या तिघा पोरांना दिली. नियम मोडायचा नव्हता. पळसाचं पान वाळून कुरकुरीत झालं आहे, ते भांडारातल्या काचेखाली ठेवलं आहे.

बुधवारी ती जाते. शनिवार-रविवार तर होतेच. पौषातला कॅशबॅक कमी येईल, कारण बरीच घरं आता वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर गेली आहेत. मी पुन्हा बारीक अक्षरं वाचायला बसले. बिनफीचं एक दुसरं कार्ड आहे, ते पेट्रोल भरताना कार्डावर लागणारा अधिभार परत करतं आणि वर थोडं देतं. ते पैसे गाडीने पळून मिळवलेले, म्हणजे पेरलेलेच समजायचे, त्यांचे वाटे पडणार नाहीत. हे मी सिस्टरच्या आईकडून मोठ्या बाबांना आधीच विचारून घेतलं आहे. नीट जमवलं तर आणखी एखादी संध्याकाळ निघेल, निदान दोन-तीन महिन्यांतून एकदा.

अर्ज भरून तयार आहे. पण ते कार्ड ज्या यंत्रावर चालतं ते तिच्या रस्त्यावरच्या पंपावर आहे का, आणि असलं तर रेंज नसताना चालतं का, हे तिथे जाऊन विचारायचं अजून राहिलं आहे.